लूत (कुत्र्यांचा त्वचारोग)

लूत हा माइट या सूक्ष्म परजीवींमुळे कुत्र्यांना होणारा त्वचारोग आहे. अंगावरचे केस गळणे, त्वचा लाल होणे, खपल्या धरणे, त्वचा जाड व काळपट पडणे आणि बहुतेक प्रकारांत तीव्र खाज सुटणे ही त्याची मुख्य लक्षणे होत. लूत हा एकच रोग मानला जात असला, तरी त्यामागे माइटच्या वेगवेगळ्या प्रजाती असतात. त्यांतील दोन प्रकार सर्वांत महत्त्वाचे आहेत. सार्कोप्टिक लूत अतिशय संसर्गजन्य असून तिचा काही काळ माणसालाही त्रास होतो. डेमोडेक्टिक लूत एका कुत्र्याकडून दुसऱ्या मोठ्या कुत्र्याला किंवा माणसाला लागत नाही. ती कुत्र्याच्या प्रतिकारशक्तीतील उणिवेतून उद्भवते. वरवर पाहता दोन्हींत कुत्रे सारखेच केसहीन दिसते. त्यामुळे त्वचेची खरवड सूक्ष्मदर्शकाखाली तपासून माइट ओळखणे हा निदानाचा पाया आहे.

योग्य उपचार मिळाल्यास दोन्ही प्रकार बहुतांश कुत्र्यांत बरे होतात. उपचार न झाल्यास किंवा चुकीचे झाल्यास त्वचेत जिवाणूंचा संसर्ग होऊन कुत्रे खंगते व दगावू शकते. पुणे जिल्ह्याच्या भोर व वेल्हे या तालुक्यांसारख्या डोंगराळ भागात कुत्री प्रामुख्याने घर, गोठा आणि जनावरांची राखण करतात व बहुधा मोकळी हिंडतात. तेथे या रोगाचे निदान व उपचार करताना येणाऱ्या अडचणी शहरातील पाळीव कुत्र्यांपेक्षा वेगळ्या असतात.

नाव

मराठीत कुत्रा, मांजर इत्यादी प्राण्यांच्या या रोगाला ‘लूत’ आणि माणसाच्या रोगाला ‘खरूज’ म्हणण्याची पद्धत आहे. ‘लूत लागणे’ व ‘लूत भरणे’ हे शब्दप्रयोग रूढ आहेत. मात्र बोलीभाषेत केस गेलेल्या कोणत्याही कुत्र्याला लूत लागली असे म्हटले जाते. त्यात बुरशी, पिसवांची ॲलर्जी किंवा निव्वळ कुपोषण यांमुळे केस गळालेली कुत्रीही येतात. पशुवैद्यकशास्त्रात हा शब्द माइटमुळे होणाऱ्या रोगापुरताच मर्यादित आहे.

माइट हे कीटक नसून कोळी, विंचू व गोचीड यांच्या अष्टपाद वर्गातील प्राणी आहेत. प्रौढ माइटला पायांच्या चार जोड्या असतात, तर अंड्यातून बाहेर पडणाऱ्या अळीला तीन. बहुतेक माइट नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत. गोचीड, पिसू व ऊ हे डोळ्यांनी दिसणारे परजीवी असून त्यांच्यामुळे होणारे त्वचाविकार लुतीत गणले जात नाहीत.

प्रकार

सार्कोप्टिक लूत

हा प्रकार सार्कोप्टीस स्केबिआय या माइटच्या कुत्र्यांवर राहणाऱ्या उपप्रकारामुळे होतो. हा माइट गोलसर आणि आखूड पायांचा असून त्याची मादी अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. मादी त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत थरात बोगदा खणते आणि त्यात रोज दोन-तीन अंडी घालते. अंड्यापासून प्रौढ माइट होईपर्यंत साधारण 17 ते 21 दिवस लागतात. माइटची लाळ, विष्ठा व अंडी यांविरुद्ध शरीरात ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया होते आणि तीव्र खाज सुटते. त्यामुळे अंगावर मोजकेच माइट असले, तरी कुत्रे रात्रंदिवस खाजवत राहते.

प्रसार मुख्यतः प्रत्यक्ष स्पर्शाने होतो. एकमेकांना बिलगून झोपणे, खेळणे, भांडणे आणि समागम हे त्याचे मार्ग होत. यजमानाच्या अंगाबाहेर माइट सामान्य तापमानात काही दिवसच जगतो. थंड व दमट जागेत तो सुमारे तीन आठवड्यांपर्यंत तग धरू शकतो. म्हणून अंथरूण, पोती आणि बसण्याच्या जागा यांमधूनही रोग पसरू शकतो. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा दोन ते सहा आठवडे जातात. या काळात निरोगी दिसणारे कुत्रेही रोग पसरवू शकते.

सार्कोप्टीस स्केबिआय ही प्रजाती शंभराहून अधिक सस्तन प्राण्यांत आढळली आहे. प्रत्येक उपप्रकार मुख्यतः आपल्या ठरावीक यजमानावर वाढतो. कोल्हा, लांडगा व खोकड हे कुत्र्याचे जवळचे आप्त असल्याने त्यांच्यात व पाळीव कुत्र्यांत संसर्गाची देवाणघेवाण होऊ शकते.

डेमोडेक्टिक लूत

डेमोडेक्स कॅनिस हा लांबट, चिरुटाच्या आकाराचा माइट केसांच्या मुळाशी असलेल्या रोमकूपांत राहतो. तो बहुतेक सर्व निरोगी कुत्र्यांच्या त्वचेवर अल्प संख्येने असतोच. जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत आईला बिलगून दूध पिताना तो पिलांकडे जातो. नंतरच्या आयुष्यात तो एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाऊन रोग निर्माण करत नाही. प्रतिकारशक्ती या माइटची संख्या आवरू शकली नाही, की रोमकूप माइटांनी भरतात, केस गळतात आणि रोग दिसू लागतो.

या प्रकाराची दोन रूपे आहेत. मर्यादित रूपात तोंड, डोळ्यांभोवतीचा भाग व पुढचे पाय यांवर चार-पाचच केसहीन चट्टे पडतात. ते प्रामुख्याने तीन ते सहा महिन्यांच्या पिलांत दिसते व बहुतेक वेळा उपचाराविना काही आठवड्यांत बरे होते. व्यापक रूपात अंगाचा मोठा भाग किंवा पायांचे पंजे ग्रासले जातात, त्वचेत जिवाणू शिरतात, पू होतो व दुर्गंधी येते. लहान वयातील व्यापक रोगाची प्रवृत्ती आनुवंशिक मानली जाते. प्रौढ वयात हा रोग प्रथमच उद्भवल्यास त्यामागे अधिवृक्क ग्रंथी किंवा अवटू ग्रंथीचा विकार, कर्करोग अथवा स्टेरॉइड औषधांचा दीर्घ वापर असू शकतो. मूळ कारण शोधणे हा तेव्हा उपचाराचाच भाग ठरतो.

कानातील माइट

ओटोडेक्टीस सायनोटिस हा माइट कानाच्या नळीत राहतो. कुत्रे सतत डोके झटकते, कान खाजवते आणि कानात कॉफीच्या चुऱ्यासारखा गडद तपकिरी मळ साठतो. कुत्र्यांपेक्षा मांजरांत तो अधिक आढळतो आणि सहज पसरतो. सतत डोके झटकल्यामुळे कानाच्या पाळीत रक्त साकळून ती फुगू शकते.

चेलेटिएला

चेलेटिएला यास्गुरी हा तुलनेने मोठा माइट त्वचेच्या पृष्ठभागावर वावरतो. त्यामुळे पाठीवर भरपूर कोंडा पडतो. माइट कोंड्याखालून फिरत असल्याने कोंडाच हलत असल्याचा भास होतो. खाज कमी-अधिक असते. हा माइटही माणसाला तात्पुरता त्रास देऊ शकतो.

इतिहास

माणसाच्या खरजेमागे सूक्ष्म जीव असल्याचे स्पष्ट वर्णन इटालीतील जोव्हानी कोसिमो बोनोमो याने दियाचिंतो चेस्तोनी याच्या साहाय्याने केलेल्या निरीक्षणांवरून 1687 मध्ये प्रसिद्ध केले. एखाद्या रोगाचे कारण सूक्ष्म जीव असल्याचे दाखवणाऱ्या आरंभीच्या नोंदींत तिची गणना होते. कुत्र्यांतील डेमोडेक्स कॅनिस या प्रजातीचे वर्णन जर्मन प्राणिशास्त्रज्ञ फ्रान्झ लायडिग याने 1859 मध्ये केले.

विसाव्या शतकाच्या बऱ्याच काळापर्यंत गंधकयुक्त मलमे, चुना-गंधकाचे द्रावण आणि पुढे कीटकनाशकांचे लेप हेच उपचार होते. जपानमधील मातीतून मिळालेल्या जिवाणूपासून तयार झालेले आयव्हरमेक्टिन 1981 मध्ये पशुवैद्यकीय वापरात आले व परजीवींवरील उपचारांचे स्वरूप बदलले. या औषधकुलाच्या शोधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्बेल यांना 2015 मध्ये नोबेल पारितोषिक देण्यात आले. 2013–14 पासून आयसोक्साझोलिन गटातील तोंडावाटे देण्याची औषधे उपलब्ध झाली आणि डेमोडेक्टिक लुतीचा एरवी दीर्घ व किचकट असलेला उपचार बराच सुलभ झाला.

निदान

लक्षणांचे स्थान

कुत्र्याच्या अंगावर रोग कोठून सुरू झाला यावरून प्रकाराचा पहिला अंदाज येतो. सार्कोप्टिक लूत केस विरळ असलेल्या भागांपासून सुरू होते. कानाच्या पाळ्यांच्या कडा, पुढच्या पायांची कोपरे, मागच्या पायांच्या टाचा, छातीचा खालचा भाग आणि पोट येथे पिवळसर खपल्या व लाल पुरळ दिसतात. पाठ आरंभी बहुधा मोकळी राहते. डेमोडेक्टिक लूत तोंड, डोळ्यांची वर्तुळे व पंजे येथे सुरू होते आणि जिवाणूंचा संसर्ग होईपर्यंत खाज नसते किंवा अल्प असते.

पशुवैद्य पुढील बाबींची चौकशी करतात : कुत्र्याचे वय, खाज आधी आली की केस आधी गेले, घरातील वा वस्तीवरील इतर कुत्र्यांना त्रास आहे काय, घरातील माणसांच्या अंगावर पुरळ आहे काय, आणि यापूर्वी कोणती इंजेक्शने दिली गेली. अनेक कुत्र्यांना एकाच सुमारास खाज सुटणे आणि कुत्र्याला कुशीत घेणाऱ्या मुलांच्या हातांवर पुरळ येणे या गोष्टी सार्कोप्टिक प्रकाराकडे निर्देश करतात. एकाच वेतातील दोन-तीन पिलांना खाजेविना चट्टे पडणे हे डेमोडेक्टिक प्रकाराचे चिन्ह असू शकते.

कान-पाय प्रतिक्रिया

कानाच्या पाळीची कड दोन बोटांत धरून चोळली असता त्याच बाजूचा मागचा पाय खाजवण्याच्या हालचाली करू लागतो. सार्कोप्टिक लूत झालेल्या बहुसंख्य कुत्र्यांत ही प्रतिक्रिया मिळते. तिला कोणतेही साधन लागत नसल्याने वाडीवस्तीवरील तपासणीत ती उपयुक्त ठरते. मात्र ती निर्णायक नाही. कानाला खाज आणणाऱ्या अन्य विकारांतही ती दिसू शकते.

त्वचेची खरवड

निदानाची मुख्य पद्धत म्हणजे बोथट पात्याने त्वचा खरवडून मिळालेला अंश काचपट्टीवर द्रव पॅराफिनच्या थेंबात घेऊन सूक्ष्मदर्शकाच्या कमी वर्धनाखाली पाहणे. दोन माइट त्वचेच्या वेगवेगळ्या खोलीवर राहत असल्याने खरवडण्याची रीतही वेगळी असते.

सार्कोप्टीससाठी खरवड उथळ, पण विस्तृत भागातून घेतात. कानाच्या कडा व कोपरे यांवरील ताज्या, कुत्र्याने अजून न ओरबाडलेल्या खपल्या निवडतात आणि अनेक ठिकाणांचे नमुने पाहतात. डेमोडेक्ससाठी त्वचेची घडी चिमटीत दाबतात, म्हणजे रोमकूपांतील माइट वर येतात. नंतर केसांच्या दिशेने, सूक्ष्म रक्तबिंदू दिसेपर्यंत खोल खरवडतात. डोळ्यांजवळ वा पंज्यांच्या बोटांमध्ये खरवडणे अवघड असल्यास केस मुळासकट उपटून त्यांची मुळे तपासतात. चेलेटिएलासाठी चिकटपट्टी कोंड्यावर दाबून ती काचपट्टीवर लावतात. कानातील माइटसाठी कापसाच्या बोळ्याने मळ घेऊन तो पॅराफिनमध्ये पसरतात.

खरवडीच्या निष्कर्षाचा अर्थ

खरवडीत माइट न सापडण्याचा अर्थ दोन्ही प्रकारांत सारखा नसतो. डेमोडेक्टिक रोगात माइटांची संख्या मोठी असते. योग्य रीतीने घेतलेल्या अनेक खोल नमुन्यांत ते दिसले नाहीत, तर तो रोग नसण्याची शक्यता बरीच असते. केवळ पंजे सुजून जाड झालेल्या कुत्र्यांत किंवा घड्या पडलेल्या जाड त्वचेच्या जातींत नमुने फसवू शकतात. सार्कोप्टिक रोगात मात्र माइट इतके थोडे असतात, की रोग असूनही निम्म्याहून अधिक कुत्र्यांच्या खरवडीत ते सापडत नाहीत. एक माइट, एक अंडे किंवा विष्ठेचे कण सापडले तरी निदान पक्के होते. काहीच न सापडल्यास रोग नाकारता येत नाही. लक्षणे जुळत असतील तर पशुवैद्य उपचार सुरू करतात आणि तीन-चार आठवड्यांत खाज ओसरली, तर त्यावरूनच निदान निश्चित करतात.

उलटपक्षी, खरवडीत डेमोडेक्सचा एखाद-दुसरा माइट दिसल्यास तो निरोगी त्वचेचा रहिवासीही असू शकतो. अनेक माइट, त्यांची अंडी व अपक्व अवस्था एकत्र दिसणे हे रोगाचे लक्षण समजले जाते.

वेगळे ओळखावयाचे रोग

गजकर्ण या बुरशीजन्य रोगात वर्तुळाकार केसहीन चट्टे पडतात. त्यासाठी केसांची सूक्ष्मदर्शक तपासणी व संवर्धन चाचणी करतात. पिसवांच्या ॲलर्जीत खाज कमरेवर व शेपटीच्या मुळाशी अधिक असते. जिवाणूंचा त्वचादाह, मालासेझिया या यीस्टचा संसर्ग, अन्नाची वा वातावरणातील घटकांची ॲलर्जी आणि अवटू ग्रंथीचे विकार यांतही केस गळतात.

लुतीने खंगलेले, अस्वस्थ व एकलकोंडे झालेले कुत्रे पाहून ते पिसाळले आहे असा गैरसमज होऊ शकतो. रेबीज हा मज्जासंस्थेचा विषाणुजन्य रोग आहे. त्यात केस गळत नाहीत व खपल्या धरत नाहीत. तथापि लूत असलेल्या कुत्र्यालाही रेबीज होऊ शकतो. अशा कुत्र्याने चावा घेतल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुऊन वैद्यकीय सल्ल्याने रेबीज प्रतिबंधक लस घेणे आवश्यक असते.

उपचार

उपचाराची दिशा माइटच्या प्रकारावर ठरते. सार्कोप्टिक लुतीत रोगी कुत्र्यासह त्याच्या संपर्कातील सर्व कुत्र्यांवर, त्यांना लक्षणे नसली तरी, एकाच वेळी उपचार करावे लागतात. अन्यथा बरे झालेल्या कुत्र्याला पुन्हा संसर्ग होतो. डेमोडेक्टिक लुतीत इतर कुत्र्यांवर उपचार करण्याचे कारण नसते, मात्र रोगी कुत्र्याचा उपचार अनेक महिने चालू शकतो.

आयव्हरमेक्टिन

सार्कोप्टिक लुतीत आयव्हरमेक्टिन दर किलो वजनाला 0.2 ते 0.4 मिलिग्रॅम या प्रमाणात त्वचेखाली, साधारण दोन आठवड्यांच्या अंतराने दिले जाते. औषध अंड्यांवर परिणाम करत नसल्याने नंतर बाहेर पडणाऱ्या माइटांसाठी पुढील मात्रा आवश्यक असतात. डेमोडेक्टिक प्रकारात ते तोंडावाटे दररोज, अल्प मात्रेपासून हळूहळू वाढवत द्यावे लागते. केवळ दोन-तीन इंजेक्शनांनी हा प्रकार आटोक्यात येत नाही.

गुरे व शेळ्यांसाठी मिळणाऱ्या एक टक्का द्रावणाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम औषध असते. वरील प्रमाणानुसार 20 किलोच्या कुत्र्याला 0.2 मिलिग्रॅमच्या हिशेबाने केवळ 0.4 मिलिलिटर द्रावण पुरते आणि पाच किलोच्या पिलाला 0.1 मिलिलिटर. वजन न करता अंदाजाने औषध दिल्यास मात्रा अनेक पट वाढू शकते. बाहुल्या विस्फारणे, लाळ गळणे, तोल जाणे, थरथर, दृष्टी जाणे व बेशुद्धी ही विषबाधेची लक्षणे आहेत आणि या विषबाधेवर खास उतारा नाही. कोली, शेटलँड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड इत्यादी जातींतील अनेक कुत्र्यांत एमडीआर1 या जनुकातील दोषामुळे औषध मेंदूत शिरते. हा दोष 2001 मध्ये ओळखला गेला. अशा कुत्र्यांना लुतीच्या उपचाराची मात्रा प्राणघातक ठरू शकते. हृदयकृमी असलेल्या कुत्र्यांतही हे औषध सावधगिरीने वापरावे लागते.

अमिट्राझ

अमिट्राझ हे अंगाला लावण्याचे औषध आहे. गुरांच्या गोचिडांसाठी विकल्या जाणाऱ्या 12.5 टक्के द्रावणाचे दोन मिलिलिटर एक लिटर पाण्यात मिसळले असता 0.025 टक्के तीव्रता मिळते. दाट केस कापून, खपल्या औषधी साबणाने धुऊन द्रावण सर्वांगावर ओततात आणि ते न धुता वाळू देतात. एक ते दोन आठवड्यांनी ही क्रिया पुन्हा करतात. पंजे ओले झाल्यास औषध निघून जाते. गुंगी, मंद नाडी व रक्तातील साखर वाढणे हे त्याचे दुष्परिणाम होत. लहान पिले, मधुमेही कुत्री व अशक्त कुत्री यांच्यासाठी ते टाळले जाते. औषध लावणाऱ्याने हातमोजे घालणे व मोकळ्या हवेत काम करणे आवश्यक असते.

आयसोक्साझोलिन गट

अफॉक्सोलेनर, फ्लुरालेनर, सॅरोलेनर व लोटिलेनर ही औषधे गोळीच्या रूपात दिली जातात. बहुतेकांची मात्रा महिन्यातून एकदा, तर फ्लुरालेनरची सुमारे 12 आठवड्यांतून एकदा असते. ती सार्कोप्टीस, डेमोडेक्स आणि कानातील माइट या सर्वांवर परिणामकारक असून एमडीआर1 दोष असलेल्या कुत्र्यांतही सामान्यतः सुरक्षित मानली जातात. काही कुत्र्यांत झटके येण्याची शक्यता असल्याने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये या गटाविषयी सूचना प्रसृत केली. पूर्वी झटके आलेल्या कुत्र्यांना ही औषधे देताना पशुवैद्याचा निर्णय महत्त्वाचा असतो. मोकळ्या हिंडणाऱ्या कुत्र्याला पुन्हा पुन्हा पकडण्याची गरज उरत नसल्याने खाद्यातून एकदा देता येणारी गोळी विशेष सोयीची ठरते. तिची किंमत ही मुख्य अडचण असते.

सेलामेक्टिन व मॉक्सिडेक्टिन ही मानेमागे त्वचेवर थेंब टाकून वापरावयाची औषधे होत. कानातील माइटसाठी कान स्वच्छ करून यांपैकी एखादे औषध किंवा कानात घालण्याचे थेंब वापरतात.

पूरक उपचार

जिवाणूंचा संसर्ग असल्यास क्लोरहेक्झिडीन किंवा बेंझॉइल पेरॉक्साइडयुक्त शाम्पूने स्नान घालतात आणि आवश्यक तेथे पशुवैद्य प्रतिजैविके देतात. जंतनिर्मूलन व प्रथिनयुक्त आहार यांमुळे प्रकृती लवकर सुधारते. स्टेरॉइडने खाज तत्काळ थांबते, परंतु डेमोडेक्टिक लुतीत ती औषधे प्रतिकारशक्ती दडपून रोग बळावतात. निदानापूर्वी दिलेले खाजेचे इंजेक्शन हे मर्यादित रोग व्यापक होण्याचे एक कारण असते.

हानिकारक उपाय

इंजिनाचे जळके ऑइल, रॉकेल, फिनेल, तंबाखूचे पाणी आणि शेतीसाठीची कीटकनाशके कुत्र्याच्या अंगाला लावण्याचे प्रकार ग्रामीण भागात आढळतात. जळक्या ऑइलमध्ये जड धातू व विषारी हायड्रोकार्बने असतात. ती सोललेल्या त्वचेतून शरीरात जातात आणि कुत्रे अंग चाटत असल्याने पोटातही जातात. त्यातून यकृत व मूत्रपिंडांना इजा होते. रॉकेल व फिनेल यांनी त्वचा भाजते. काही काळ खाज थांबल्यासारखी वाटली, तरी हे पदार्थ रोमकूपांतील माइटपर्यंत पोहोचत नाहीत. करंज व कडुनिंबाची तेले ग्रामीण भागात परंपरेने वापरली जातात. ती वर सांगितलेल्या औषधांना पर्याय ठरत नाहीत. फिनेल व तत्सम द्रव्ये मांजरांना विशेष घातक असतात.

बरे होण्याचा निकष

सार्कोप्टिक लुतीत पहिल्या दोन ते चार आठवड्यांत खाज कमी होते आणि त्यानंतर केस येऊ लागतात. डेमोडेक्टिक लुतीत केस आले म्हणजे रोग गेला असे नसते. एक महिन्याच्या अंतराने घेतलेल्या सलग दोन खरवडींत एकही माइट न सापडेपर्यंत उपचार चालू ठेवतात. केस येताच औषध बंद करणे हे रोग उलटण्याचे प्रमुख कारण आहे.

माणसावरील परिणाम

कुत्र्याच्या सार्कोप्टिक माइटमुळे माणसाच्या हातांवर, पोटावर व मांड्यांवर, म्हणजे कुत्र्याचा स्पर्श होतो तेथे, लाल खाजरे पुरळ येते. हा उपप्रकार माणसाच्या त्वचेत आपले जीवनचक्र पूर्ण करू शकत नाही. त्यामुळे कुत्र्यावर उपचार झाल्यावर पुरळ साधारणतः काही आठवड्यांत आपोआप जाते.

माणसाची खरूज ही सार्कोप्टीसच्या मानवी उपप्रकारामुळे होते आणि ती माणसाकडून माणसाला लागते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर व कमरेवर पुरळ येणे आणि रात्री खाज वाढणे ही तिची चिन्हे होत. तिच्यासाठी घरातील सर्वांवर एकाच वेळी पर्मेथ्रिन मलमासारखा उपचार करावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये तिचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला. घरात किंवा वसतिगृहात खरूज पसरली असता दोष कुत्र्यावर ठेवून त्याला हाकलल्यास मूळ रोग तसाच राहतो. डेमोडेक्स कॅनिस माणसाला रोग देत नाही.

भोर आणि वेल्हे तालुक्यांतील परिस्थिती

भोर व वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील सह्याद्रीत वसलेले तालुके आहेत. भोर हे 1948 पर्यंत पंतसचिवांच्या संस्थानाचे मुख्य ठिकाण होते. राजगड व तोरणा हे किल्ले वेल्हे तालुक्यात असून या तालुक्याला आता राजगड हे नाव देण्यात आले आहे. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत व वरसगाव या धरणांच्या जलाशयांमुळे आणि डोंगररांगांमुळे वस्ती विखुरलेली आहे. अनेक वाड्यांवर भातशेती व गुरे-म्हशींचे पालन हे उपजीविकेचे साधन आहे. या भागात बिबट्याचा वावर असल्याने गोठ्याजवळचे कुत्रे हे राखणीचे महत्त्वाचे साधन असते. लुतीने खंगलेले कुत्रे रात्री जागत नाही व स्वतःही सहज भक्ष्य बनते. राखणीचे कुत्रे गमावणे म्हणजे वासरे व शेळ्यांचा धोका वाढणे होय.

रोगाच्या प्रसाराला पोषक अशा अनेक गोष्टी येथे एकत्र येतात. पश्चिमेकडील गावांत पाऊस फार पडतो. पावसाळ्यात कुत्री गोठा, पडवी व चुलीजवळच्या राखेत दाटीवाटीने बसतात. थंड, दमट जागेत सार्कोप्टिक माइट अधिक काळ जगतो. कुत्री मोकळी असल्याने एका वाडीवरील सर्व कुत्र्यांचा परस्परांशी संपर्क असतो. पावसाळा संपल्यावर कोकणात उतरणारे मेंढपाळ धनगर आपल्या कुत्र्यांसह घाटवाटांनी या भागातून जातात. पानशेत-वरसगाव परिसरातील शेतघरांवर शहरातून आणलेली जातिवंत कुत्रीही असतात. त्यांच्यात डेमोडेक्टिक लुतीची आनुवंशिक प्रवृत्ती व आयव्हरमेक्टिनचा धोका या दोन्ही शक्यता ध्यानात घ्याव्या लागतात.

तालुक्याच्या ठिकाणी व मोठ्या गावांत शासनाचे व जिल्हा परिषदेचे पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. त्यांचे बहुतांश काम गुरांचे लसीकरण, कृत्रिम रेतन व आजारी जनावरांवरील उपचार यांचे असते. पशुवैद्यकीय सेवेसाठी 1962 हा निःशुल्क क्रमांक आहे. भोर तालुक्याच्या सीमेवरील नीरा नदी ओलांडताच सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय लागते. 1988 मध्ये स्थापन झालेले हे महाविद्यालय महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. भोरहून शिरवळला थेट रस्ता आहे. वेल्ह्याहून नसरापूरमार्गे पुणे–सातारा महामार्गाने जावे लागते.

दूरच्या वाडीवरून खाजणारे, चावण्याची शक्यता असलेले कुत्रे वाहनातून नेणे अनेकदा शक्य नसते. अशा वेळी कुत्र्याऐवजी नमुना नेता येतो. पशुवैद्याने वा प्रशिक्षित पशुधन पर्यवेक्षकाने जागेवर घेतलेली खरवड द्रव पॅराफिन किंवा अल्कोहोल असलेल्या छोट्या बंद बाटलीत ठेवल्यास माइट ओळखण्याजोगे राहतात आणि नंतर सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येतात. बाटलीवर गाव, कुत्र्याचे वय आणि खरवडलेली जागा यांची नोंद आवश्यक असते. एका घरच्या कुत्र्यात सार्कोप्टीस सापडल्यास वाडीवरील सर्व कुत्र्यांना एकाच दिवशी औषध देणे हाच टिकाऊ उपाय होय. एकेका कुत्र्यावर वेगवेगळ्या वेळी केलेला खर्च वाया जातो.

प्रतिबंध

नवीन कुत्रे आणल्यास दोन-तीन आठवडे वेगळे ठेवून त्याची त्वचा तपासणे, रोगी कुत्र्याची पोती व अंथरूण जाळणे किंवा गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवणे, आणि बसण्याच्या जागा कोरड्या ठेवणे यांमुळे सार्कोप्टिक लुतीचा प्रसार आटोक्यात राहतो. गोचीड व पिसवा यांसाठी नियमित दिली जाणारी आयसोक्साझोलिन गटाची औषधे माइटनाही आळा घालतात. व्यापक डेमोडेक्टिक लूत होऊन गेलेल्या नर व मादी कुत्र्यांचे निर्बीजीकरण करण्याची शिफारस केली जाते. त्यामुळे ही प्रवृत्ती पुढील पिढीत जात नाही आणि माजाच्या काळात मादीत रोग उलटण्याची शक्यताही कमी होते. पुरेसा आहार, जंतनिर्मूलन व लसीकरण यांनी प्रतिकारशक्ती टिकून राहते.

लूत लागलेल्या कुत्र्याला दूर सोडून देणे हा प्रतिबंध नव्हे. सार्कोप्टिक रोग असल्यास तो नव्या जागी पसरतो, डेमोडेक्टिक रोग असल्यास सोडून देण्याचे कारणच नसते. पाळीव प्राण्याला टाकून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, 1960 नुसार गुन्हाही आहे.

हेही पाहा

खरूज
गोचीड
गजकर्ण
रेबीज
भोर तालुका
वेल्हे तालुका